जुन्या जपानी तलवारींच्या साजावर कोरलेल्या आख्यायिका कशा ओळखाव्यात

जपानी तलवारीच्या मुठीवर आणि म्यानावर बसवलेल्या धातूच्या लहान भागांवर युद्धकथा, देवकथा, चिनी सिद्धपुरुषांच्या गोष्टी आणि नाटकांतले प्रसंग कोरण्याची परंपरा एदो काळात, म्हणजे 1603 ते 1868 या काळात, फार बहरली. हे भाग आज बहुतेक वेळा तलवारीपासून सुटे झालेले असतात आणि त्यांच्याखाली ‘योद्धा व राक्षस’ किंवा ‘वृद्ध आणि घोडेस्वार’ एवढीच मोघम ओळ लिहिलेली असते. त्या ओळीने वस्तूवर अन्यायच होतो, कारण सात-आठ सेंटिमीटरच्या लोखंडी चकतीवर कारागिराने एक नेमका प्रसंग, त्यातला नेमका क्षण निवडलेला असतो आणि तो ओळखू येईल अशा खुणाही त्याने जाणीवपूर्वक ठेवलेल्या असतात. त्या खुणा कोणत्या क्रमाने शोधाव्यात, हे या लेखात सांगितले आहे.

एक नियम सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. चेहऱ्यावरून कोणाचेही नाव ठरवू नये. या कलेत चेहरे ठरावीक साच्याचे असतात. ओळख पटते ती हातातल्या वस्तूवरून, पोशाखावरून, सोबतच्या प्राण्यावरून आणि स्थळावरून. शिवाय एका खुणेवर कधीही विसंबू नये. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या किमान दोन खुणा जुळल्याशिवाय कथेचे नाव निश्चित धरू नये.

पहिली पायरी : भाग कोणता आणि त्याची दिशा कोणती

साजाचे मुख्य भाग थोडेच आहेत. मूठ आणि पाते यांच्या मध्ये बसणारी चकती म्हणजे त्सुबा. मुठीच्या पात्याकडील टोकाला बसणारी पट्टी फुची आणि दुसऱ्या टोकाची टोपी काशिरा. हे दोन्ही बहुधा जोडीने, एकाच विषयावर केलेले असतात. मुठीवरच्या दोरीच्या गुंडाळीखाली दोन्ही बाजूंना बसवलेल्या लहान उठावाच्या आकृती म्हणजे मेनुकी. म्यानाच्या खाचेत राहणाऱ्या छोट्या सुरीची मूठ ती कोझुका. ही पट्टी साधारण 9.7 सेंटिमीटर लांब आणि 1.4 सेंटिमीटर रुंद असते. म्यानाच्या दुसऱ्या बाजूच्या खाचेतली लांब सळई म्हणजे कोगाई.

त्सुबा हातात घेतल्यावर मधले पाचरीसारखे भोक पाहावे. त्याचे निमुळते टोक पात्याच्या धारेकडचे असते. ते वर येईल अशी चकती धरावी. मुठीकडे तोंड असलेली बाजू ही दर्शनी बाजू आणि कारागिराची सही बहुधा तिच्यावर, भोकाच्या डावीकडे असते. चकतीला शेजारी आणखी दोन भोके असतील, तर दर्शनी बाजूने पाहताना अर्धचंद्राकृती भोक डावीकडे येते, कारण तिथून कोझुका जाते, आणि तीन पाकळ्यांसारखे भोक उजवीकडे येते, ते कोगाईसाठी असते. हे आधी ठरवण्याला फार महत्त्व आहे. कथा दर्शनी बाजूवर सुरू होते आणि तिचा उरलेला भाग मागच्या बाजूवर जातो. चकती उलटी धरली तर मागच्या बाजूवरचा पळणारा राक्षस मुख्य पात्र वाटू लागतो आणि तर्क तिथूनच भरकटतो.

दुसरी पायरी : नाव सुचण्याआधी यादी

वस्तूवर एका बाजूने, तिरका प्रकाश पडेल असे बसावे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात काळपट धातूवरचा बारीक उठाव सपाट दिसतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन डावीकडून उजवीकडे सरकत दिसेल ते शब्दांत उतरवावे : माणसे किती, डोक्यावर काय, हातात काय, पायात काय, प्राणी कोणता, झाड कोणते, पाणी आहे का, आणि असल्यास ते वाहते आहे की लाटांचे. धातूचा रंगही लिहावा, कारण तो अर्थ सांगतो. लोखंडी पार्श्वभूमीवर एकाच वस्तूला सोने दिले असेल, तर कारागीर तिकडे बोट दाखवत असतो. तांब्याच्या लालसर रंगाने कधी राक्षसाची कातडी, कधी तान्ह्या बलवान मुलाचे अंग दाखवले जाते. शाकुदो हा तांब्यात थोडे सोने मिसळून केलेला निळसर काळा मिश्रधातू आणि शिबुइची हा तांबे-चांदीचा करडा मिश्रधातू बहुधा पार्श्वभूमीला, कपड्यांना किंवा रात्रीच्या दृश्याला वापरलेला दिसतो.

वस्तू घासून उजळण्याचा मोह पूर्णपणे टाळावा. तो काळपट थर म्हणजे मळ नव्हे. कारागिराने मुद्दाम आणलेली ती रंगछटा असते आणि पितळ चकाकवणाऱ्या पावडरीने ती कायमची जाते. मऊ सुती कापड आणि कोरडा मऊ ब्रश याच्या पुढे जाऊ नये.

तिसरी पायरी : चीन की जपान

जपानी कारागिरांनी चिनी कथा जपानी कथांइतक्याच आवडीने कोरल्या, त्यामुळे पात्र कोणत्या देशाचे हे ठरवले की निम्मे काम होते. चिनी पुरुषाचे बाह्यांचे घोळ रुंद असतात, केस वर बांधून त्यावर कापड किंवा विद्वानाची टोपी असते, जोड्यांची टोके वर वळलेली असतात आणि तलवार सरळ, दुधारी असते. जपानी योद्ध्याची तलवार वक्र असते, चिलखताला खांद्यावर मोठे चौकोनी पट्टे लोंबतात, शिरस्त्राणाला पुढे दोन उंच शिंगे असतात किंवा चिलखत नसताना डोक्यावर काळी उंच एबोशी टोपी असते. डोंगरात तप करणाऱ्या यामाबुशीच्या कपाळावर छोटी काळी टोपी बांधलेली असते. शिंगे आणि कमरेला वाघाचे कातडे असेल तर तो ओनी, म्हणजे राक्षस. चोच किंवा लांब नाक, पंख आणि हातात पिसांचा पंखा असेल तर तो तेंगू, म्हणजे डोंगरात राहणारा पंखधारी पिशाच्च-जीव.

ही विभागणी किती उपयोगी पडते हे शोकीच्या उदाहरणावरून कळते. दाट दाढी, विद्वानाची टोपी, पायात बूट आणि हातात सरळ दुधारी तलवार असा धिप्पाड पुरुष आणि जवळपास लपलेला छोटा ओनी, हे दृश्य त्सुबांवर वारंवार येते. घाईत त्याला ‘राक्षसाशी लढणारा सामुराई’ म्हटले जाते. तो सामुराई मुळीच नाही. तांग घराण्यातल्या सम्राट श्वानझोंगच्या स्वप्नात येऊन त्याला छळणाऱ्या राक्षसाला मारणारा तो झोंग क्वे, आणि जपानीत त्याचे नाव शोकी. बूट आणि सरळ तलवार या दोन खुणांवर हा निकाल लागतो. उलट एबोशी घातलेला किंवा चिलखतधारी जपानी योद्धा, मोठे वेशीचे दार आणि वरून शिरस्त्राण पकडणारा ओनीचा हात असे दिसले, तर तो राशोमोन वेशीवर ओनीचा हात तोडणारा वातानाबे नो त्सुना.

चौथी पायरी : हातातली वस्तू आणि सोबतचा प्राणी

ताओ परंपरेतल्या सिद्धपुरुषांना जपानीत सेन्निन म्हणतात आणि ते जवळजवळ पूर्णपणे खुणांवर चालतात. खांद्यावर किंवा डोक्यावर बेडूक असेल तर गामा सेन्निन. कुबडी घेतलेला आणि तोंडातून फुंकरीबरोबर स्वतःचीच छोटी आकृती सोडणारा तो तेक्काई, ज्याचा आत्मा बाहेर गेला असताना शिष्याने शरीर जाळले आणि ज्याला लंगड्या भिकाऱ्याच्या देहात शिरावे लागले. भोपळ्याच्या तोंडातून घोडा निघत असेल तर चोकारो. पीच फळ घेतलेला वृद्ध बहुधा तोबोसाकू. खराटा आणि गुंडाळी घेतलेले दोन हसरे, विस्कटलेल्या केसांचे तरुण म्हणजे कान्झान आणि जित्तोकू.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक वेगळाच आनंद मिळतो आणि एक धोकाही असतो. जपानी देवमंडळात आपले काही देव बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेले आहेत : बेन्झाइतेन ही सरस्वती, बिशामोन्तेन हा वैश्रवण म्हणजे कुबेर, दाइकोकुतेन हा महाकाल, फुदो हा अचल. पण नाते ठाऊक असल्यामुळे रूपही ओळखीचे असेल असे मानू नये. दाइकोकू तांदळाच्या पोत्यांवर उभा, हातात लाकडी हातोडा घेतलेला, उंदरांच्या संगतीतला हसरा गृहस्थ आहे. त्याच्यात महाकालाचे उग्र रूप शोधले तर तो सापडणार नाही. बेन्झाइतेनच्या हातात बिवा हे तंतुवाद्य असते. बिशामोन्तेन चिलखतात, एका हातात भाला आणि दुसऱ्यावर छोटा स्तूप घेऊन उभा असतो. फुदोभोवती ज्वाळा, हातात तलवार आणि दोर असतो.

पाठीवर स्त्री घेतलेल्या पुरुषाचे दृश्य यासाठी मला फार बोलके वाटते. कपाळावर एक शिंग असेल तर तो इक्काकू सेन्निन, म्हणजे आपला ऋष्यशृंग, जो स्त्रीच्या मोहाने तपाला मुकला. दरबारी पोशाखातला तरुण असेल तर ‘इसेच्या कथा’ या जुन्या जपानी ग्रंथातला कवी नारिहिरा, प्रेयसीला पळवून नेणारा. योद्धा असेल आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात स्त्रीच्या जागी शिंगे किंवा विक्राळ तोंड दिसत असेल, तर तो ओमोरी हिकोशिची. एकच मांडणी, पण कपाळ, टोपी आणि पाणी या तीन ठिकाणी पाहिले की तीन वेगळ्या कथा सुट्या होतात.

माशांबाबतही असेच सावध राहावे. कोई माशाच्या तोंडाजवळ लहान मिशा असतात आणि चांगला कारागीर त्या विसरत नाही. ताई हा समुद्री मासा उंच, काटेरी परांचा असतो. मिशा असलेल्या माशावर बसून कोणी गुंडाळी वाचत असेल तर तो किन्को सेन्निन. गुबगुबीत, लालसर, उघडा मुलगा माशाला मिठी मारून झुंजत असेल तर डोंगरात वाढलेला किन्तारो. त्याची दुसरी खूण कुऱ्हाड किंवा अस्वल. मुलाच्या हातात खंजीर असेल तर बहुधा ओनिवाकामारू, जो पुढे बेन्केई हा योद्धा-भिक्षू झाला. बर्फावर अंग टाकून झोपलेला माणूस आणि मासा असेल, तर सावत्र आईसाठी बर्फ वितळवून मासा मिळवणारा वांग श्यांग, म्हणजे चिनी कथांतल्या चोवीस आदर्श मातृपितृभक्तांपैकी एक. ताई मासा आणि गळ घेतलेला हसरा स्थूल पुरुष हा एबिसू. पण गळ टाकून बसलेल्या चिनी वृद्धासमोर सेवकांसह एखादा राजा उभा असेल, तर तो ताइकोबो. आणि माणूसच नसून मासा धबधब्यावर चढत असेल, तर ती ड्रॅगन-द्वाराची कथा आहे, म्हणजे धबधबा चढून गेलेला मासा ड्रॅगन होतो ती.

वाघाबाबत थोडक्यात : भाल्याने वाघ मारणारा जपानी योद्धा, शिरस्त्राण उंच टोपीच्या आकाराचे आणि चिन्ह साध्या कड्याचे, म्हणजे 1592 नंतरच्या कोरियातल्या मोहिमेतला कातो कियोमासा. वाघाला टेकून झोपलेले साधू असतील तर ते बुकान, कान्झान व जित्तोकू.

पाचवी पायरी : पूल, पाणी आणि घोडा

सर्वांत जास्त गफलती इथे होतात, म्हणून इथे थोडे अधिक रेंगाळतो.

पुलावर दोन माणसे असतील तर आधी त्यांची वये आणि पोशाख पाहावेत. एक किशोर, हातात पंखा, हवेत उडी मारलेला, आणि समोर लांब पात्याचा भाला घेतलेला प्रचंड भिक्षू : हे क्योतोच्या गोजो पुलावरचे उशिवाकामारू आणि बेन्केई. उशिवाकामारू म्हणजे पुढचा मिनामोतो नो योशित्सुने. भिक्षूच्या पाठीवर सात शस्त्रांचा भार असेल तर शंकाच उरत नाही. चिनी पोशाखातला वृद्ध पुलावर घोड्यावर बसलेला आणि खाली पाण्यात ड्रॅगनवर उभा राहून जोडा उचलून देणारा तरुण असेल, तर ते कोसेकिको आणि चोर्यो, म्हणजे हुआंग शिगोंग आणि झांग ल्यांग. वृद्धाने जोडा मुद्दाम पाण्यात टाकून तरुणाच्या नम्रतेची परीक्षा घेतली आणि पुढे त्याला युद्धशास्त्राचा ग्रंथ दिला. या दृश्यात जोडा कुठे आहे हे शोधावे. कधी तो तरुणाच्या हातात असतो, कधी ड्रॅगनजवळ, आणि इतका छोटा असतो की भिंगाशिवाय दिसत नाही. सेता पुलावर धनुर्धारी आणि दूर डोंगराला वेढणारा प्रचंड शंभरपायी किडा असेल, तर तो तावारा तोदा.

आता पाण्यातले घोडेस्वार. जपानी युद्धकथांत घोडा पाण्यात घालण्याचे प्रसंग अनेक आहेत आणि चकतीवर ते दुरून सारखेच दिसतात. दोन स्वार, दोघेही एकाच दिशेने वाहत्या प्रवाहातून चाललेले, आणि मागे पडणारा खाली वाकून घोड्याचा तंग पाहतो आहे, असे असेल तर ती 1184 मधली उजी नदीची शर्यत. सासाकी ताकात्सुनाने काजिवारा कागेसुएला ‘तंग सैल झालाय’ असे सांगून थांबवले आणि आपण पुढे गेला. इथे वाकलेला स्वार हीच निर्णायक खूण. एकच स्वार, हातात ताणलेले धनुष्य, आणि दुसऱ्या बाजूवर काठीला पंखा लावलेली नाव असेल, तर 1185 मधल्या याशिमाच्या लढाईत तो पंखा बाणाने पाडणारा नासू नो योइची. पंख्यावर सूर्याचे बिंब असते आणि ते बहुधा सोन्यात केलेले असते.

तिसरा प्रसंग इचि-नो-तानीच्या लढाईचा, 1184 मधला. काठावर एक प्रौढ योद्धा घोड्यावर बसून उघडा पंखा वर धरून कोणाला तरी बोलावतो आहे. चकती उलटवली की मागच्या बाजूवर समुद्राच्या लाटांत दुसरा, तरुण स्वार घोडा वळवताना दिसतो. हे कुमागाई नाओझाने आणि त्याच्या हातून मारला गेलेला ताइरा नो आत्सुमोरी. इथेही पंखा आहे, इथेही पाणी आहे, म्हणून ते नासूचे दृश्य समजण्याची चूक फार होते. फरक असा की नासूच्या दृश्यात पंखा नावेवर असतो, तर इथे स्वाराच्या हातात. नासूला धनुष्य हवेच, कुमागाईला नको. तरुण स्वाराच्या कमरेला बासरी दिसली तर आत्सुमोरीबद्दल कोणताही संशय राहत नाही, कारण त्याच्या मृत्यूनंतर त्याच्यापाशी बासरी सापडल्याची कथा आहे आणि कुमागाई पुढे त्या वधाच्या दुःखाने भिक्षू झाला. एकटाच स्वार, विस्तीर्ण शांत पाणी, आणि किनाऱ्याला पाइन वृक्ष असेल, तर 1582 मध्ये बिवा सरोवर घोड्यावरून ओलांडणाऱ्या आकेची सामानोसुकेचा विचार करावा.

सहावी पायरी : कुलचिन्हे

चिलखतावर, पताकेवर किंवा खोगिरावर छोटे चिन्ह कोरलेले असेल तर ते वेगळ्या कागदावर मोठे करून काढावे. पाने आणि फुले असलेले रिंदो (जेन्शियन हे फुलझाड) हे मिनामोतोंचे, फुलपाखरू ताइरांचे, पाण्यावर तरंगणारे अर्धे शेवंतीचे फूल कुसुनोकींचे, तीन ठिपके आणि त्याखाली आडवी रेघ वातानाबेंचे. उजवीकडे प्रौढ योद्धा, समोर गुडघे टेकलेला मुलगा आणि शेवंतीचे चिन्ह, असे असेल तर 1336 मध्ये साकुराई येथे मुलाचा निरोप घेणारा कुसुनोकी मासाशिगे. चिन्ह नसते, तर या दृश्याला दुसऱ्या कोणत्याही पितापुत्राचे नाव देता आले असते.

सातवी पायरी : माणूसच नसेल तर

जपानी कलेत मुख्य पात्र वगळून केवळ त्याच्या वस्तू दाखवण्याची रीत आहे. तिला रुसू मोयो म्हणतात. कोझुकाच्या अरुंद पट्टीवर ती विशेष दिसते, कारण तिथे पूर्ण दृश्य मावत नाही. नागमोडी फळ्यांचा पूल आणि इरिसची फुले म्हणजे नारिहिराचा प्रवास. दंताळे आणि खराटा, सोबत पाइन, म्हणजे ताकासागोचे वृद्ध जोडपे. लोंबणारी फांदी आणि उडी मारणारा बेडूक म्हणजे सुलेखनकार ओनो नो तोफू. तो पुष्कळदा छत्री घेऊन उभाही दिसतो. गवताचा इरला आणि यामाबुकीची पिवळी फुले म्हणजे पावसात आसरा शोधणारा ओता दोकान.

या पद्धतीच्या कामाबाबत अधिक संयम हवा. फक्त बेडूक असेल तर तो बेडूकच असू शकतो. बेडूक आणि विलोची फांदी असेल, तरच कथा.

आठवी पायरी : काम कोणत्या घराण्याचे

विषय ओळखल्यावर कारागीर-परंपरेशी तो ताडून पाहावा. गोतो घराण्याचे संस्थापक युजो (1440–1512) शोगुन, म्हणजे लष्करी शासक, आशिकागा योशिमासाच्या सेवेत होते आणि त्या घराण्याचे काम बहुधा शाकुदोवर, बारीक गोल दाण्यांच्या पार्श्वभूमीवर, सोन्याच्या उठावात असते. ड्रॅगन, सिंह आणि युद्धप्रसंग तिथे जास्त. योकोया सोमिन (1670–1733) पासून नागरी कारागिरांनी चित्रासारखी मोकळी रचना आणली. हिकोनेच्या कितागावा सोतेन यांच्या नावाने लोखंडी जाळीकामात चिनी ऋषी आणि लढायांचे गजबजलेले प्रसंग येतात. मात्र या शैलीची नक्कल इतकी झाली आहे की सोतेनची सही म्हणजे पुरावा मुळीच नव्हे. 1876 मध्ये सरकारने तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि त्यानंतर पुष्कळ काम परदेशी ग्राहकांसाठी होऊ लागले. अशा वस्तूंवर कधीकधी दोन कथांच्या खुणा एकत्र मिसळलेल्या सापडतात. तेव्हा ओढूनताणून एक नाव लावण्यापेक्षा दोन्ही खुणा लिहून ठेवाव्यात. साच्यात ओतलेल्या नकलांत उठावाच्या कडा बोथट असतात, खोबणींत बारीक छिद्रे राहतात आणि बोटे, मिशा, चिन्हे यांसारखे तपशील पुसट होतात, त्यामुळे ज्या खुणांवर आपण अवलंबून असतो त्याच तिथे हरवलेल्या असतात.

नववी पायरी : ताडून पाहणे आणि नोंद

टोकियोचे राष्ट्रीय संग्रहालय, बोस्टनचे ललित कला संग्रहालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन, लंडनचे ब्रिटिश संग्रहालय आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांच्या ऑनलाइन सूचींत अशा वस्तू मोठ्या संख्येने पाहता येतात. तिथे कथेच्या नावाने शोधावे आणि आपल्या यादीतील प्रत्येक खूण समोरच्या वस्तूवर आहे का हे पाहावे. केवळ एकंदर साम्यावर समाधान मानू नये. जपानी लाकडी पेटीवर किंवा 1948 मध्ये स्थापन झालेल्या जपानी तलवार-संवर्धन संस्थेच्या प्रमाणपत्रावर विषयाचे नाव लिहिलेले असेल, तर ते मिळवून ताडावे. पण पेटी आणि वस्तू कधीकधी वेगवेगळ्या असतात, म्हणून मापे आधी जुळवावीत.

नोंद लिहिताना आधी भाग, धातू आणि मापे. मग दर्शनी बाजूचे वर्णन, मग मागच्या बाजूचे. आणि त्यानंतरच कथेचे नाव, ज्या खुणांवर ते आधारले आहे त्यांच्यासह. वर सांगितलेल्या कुमागाईच्या चकतीची नोंद उदाहरणार्थ अशी होईल : ‘लोखंडी त्सुबा, सोने व तांब्याचे जडाव, दर्शनी बाजूस पाइनखाली उघडा पंखा उंचावलेला घोडेस्वार, मागे लाटांत वळणारा तरुण घोडेस्वार. विषय : इचि-नो-तानी येथे कुमागाई आणि आत्सुमोरी. आधार : स्वाराच्या हातातला पंखा, धनुष्याचा अभाव, दोन स्वारांचे परस्परांकडे असलेले तोंड. बासरी दिसत नाही.’ शेवटचे वाक्य गाळू नये, कारण न दिसलेली खूण लिहिलेली असली की पुढचा अभ्यासक तीच जागा भिंगाखाली पुन्हा पाहतो.